दोन रत्ती ताकद

वालूरचे बसलिंगअप्पा रोज सकाळी जात्याची तळी छातीशी धरून आपल्या दुकानापुढं उभे राहत आणि 'शिव शिव' मोजत. हात थरथरले की तळी खाली. मग मला हाक, "मास्तर, आज अकरा! मागल्या महिन्यात नऊच व्हते!"

उतारवयात अंगातला जोर ओसरतो, पण औषधानं तो भरून काढता येतो, हे त्यांना जिंतूरच्या हकीमसाहेबांनी पटवलं होतं. हकीमसाहेब अधूनमधून येऊन नाडी बघत, भस्माच्या पुड्या देत. अप्पांना घोर एकच, "ताकत उतरली तं कसं व्हायचं?"

त्यांच्या पत्नी गिरिजाक्का दोन वर्षांपासून पायांनी अधू. त्यामुळं पेठेनं अर्थ लावला, म्हातारा दुसरी करायलाय! हा अर्थ आधी कुणी लावला ते सांगत नाही. एवढा रिकामटेकडा पेठेत मीच होतो.

हकीमसाहेबांची चिठ्ठी उर्दूत, आणि मी निजामाच्या शाळेतला उर्दूचा मास्तर. अक्षर मुंग्या चालल्यासारखं. तरी ऐटीत वाचलं, "दुधासोबत दोन रोटी." सकाळी उपाशी राहणारे अप्पा दुधात दोन भाकरी कुस्करून खाऊ लागले, भस्म आपलं नखभर, वरून चाटायला.

पुढच्या खेपेला मी हकीमसाहेबांपुढं माझ्या वाचनाची फुशारकी मारली. त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्टरजी, दो रत्ती भस्म लिखा था! रोटी कहाँ से लाए?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच चूक कबूल करायला अप्पांच्या घरी गेलो. अप्पा गिरिजाक्कांना दोन्ही हातांवर उचलून उन्हात, ओट्यावर आणत होते. घामाघूम, ओठांवर शिव शिव.

"माजघरातून हितवर धा शिव शिव लागतेत, मास्तर," त्यांना टेकवत ते म्हणाले. "नवावर आलो व्हतो तवा हिला उंबऱ्यातच ठेवावं लागलं. दिसभर बोलली न्हाई माझ्याशी."

"अप्पा, त्या औषधाचं..." मी सुरुवात केली. अप्पा चादर आणायला आत गेले, तशा गिरिजाक्का हळूच म्हणाल्या, "मास्तर, औषधाला नावं ठेवू नका बरं. रातची भाकर सोडलीय मी. हलकी झाले की न्हाई?"

आतून अप्पा ओरडले, "काय कुजबुजायलीस गं?"

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात लय ताकत आलीय म्हणलं."