हेडसरांच्या घरची गळती

"लोकांना अर्ज लिहिता येत नाही, म्हणून त्यांची छतं गळतात," हेडसर ठामपणे म्हणाले, आणि वरून एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

पालिकेच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. भाडं भाडेकरूने द्यायचं, डागडुजी पालिकेने करायची, असा करार. हेडसर भाडं एक तारखेला भरत, पालिका मात्र आपला अर्धा करार विसरली होती. वरच्या मोरीचा पाइप फुटून दोन महिने झाले होते आणि पाणी नेमकं काकूंच्या पलंगावर पडत होतं. काकूंनी पलंग तीनदा सरकवला. आता तो स्वयंपाकघराच्या दारात होता आणि चहा करायलाही त्यावर चढून पलीकडे उतरावं लागे.

"अहो, आठ दिवस देते," काकू म्हणाल्या. "नवव्या दिवशी मी माझ्या ताईकडे. तुम्ही आणि तुमची बादली, सुखाने नांदा."

"आठ कशाला? एका अर्जात काम होतं की नाही बघ."

शेजाऱ्यांचे अर्ज तीन-तीन पानी होते आणि कार्यालयात धूळ खात पडले होते. हेडसरांनी मुलांना चाळीस वर्षं एकच शिकवलं होतं: कमी शब्द, नेमका शब्द. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'विषय: गळती. महोदय, दोन महिन्यांपासून गळती चालू असून ती रोज वाढत आहे. त्वरित लक्ष घालावे.' खाली झोकदार सही, आणि सहीखाली, कुणी विचारलं नसताना, 'निवृत्त मुख्याध्यापक'.

सहाव्या दिवशी दारात एक मॅडम उभ्या राहिल्या. हातात जाडजूड रजिस्टर.

"पालिकेतून आले. गळतीचा अर्ज तुमचाच ना?"

हेडसरांनी काकूंकडे विजयी नजर टाकली. "माझाच. या, आत या."

"प्रमाण किती आहे?"

"आधी थेंब थेंब होती. आता धार लागलीय."

मॅडमनी 'गंभीर' असं लिहिलं. "कारण काय वाटतं?"

"वरच्यांचं दुर्लक्ष."

"आमच्याकडेही तेच आहे हो," मॅडमनी उसासा टाकला. "बरं, यात मुलगे जास्त की मुली?"

हेडसरांनी छताकडे पाहिलं. थेंब पुल्लिंगी, धार स्त्रीलिंगी, याउपर त्यांना काही सुचेना. "कशात म्हणालात?"

"गळतीत. शाळा सोडणाऱ्या मुलांच्या. तुम्ही मुख्याध्यापक, म्हणून अर्ज आमच्या शिक्षण विभागात आला."

हेडसर मटकन पलंगावर बसले, ते नेमके ओल्या जागी. "आणि माझं छत?"

"ते बांधकाम विभागाकडे. पण आलेच आहे तर फॉर्म कोरा कसा नेऊ? घरात शाळा अर्धवट सोडलेलं कुणी आहे?"

"या घरात?" हेडसरांना तो अपमान वाटला. "अहो, मूल दोन दिवस शाळेत दिसलं नाही तर मी त्याच्या घरी जाऊन बसायचो. हजारो मुलं हाताखालून गेली, एक गळू दिलं नाही."

"माझी सातवी झालीय," काकू म्हणाल्या.

बादलीत टप्पकन थेंब पडला.

"सातवी? तू मॅट्रिक ना?"

"ते तुम्ही धरून चाललात. एक्केचाळीस वर्षांत विचारलंत कधी?"

मॅडमनी शांतपणे रकाना भरला: 'गळती आढळली, एक.' मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "पालिकेच्या शाळेत मोठ्यांसाठी आठवीचा वर्ग आहे. दुपारी दोन ते चार. याल?"

"तिथलं छत कोरडं आहे?"

"अगदी कोरडं."

"मग घाला नाव."

नवव्या दिवशी काकू ताईकडे गेल्या नाहीत, वर्गाला गेल्या. पहिलाच धडा अर्जलेखनाचा निघाला. बाईंनी खऱ्या गरजेचा अर्ज लिहायला सांगितला, तेव्हा काकूंनी एकाच्या दोन प्रती केल्या. एक वहीत ठेवली, दुसरी येता येता कार्यालयाच्या खिडकीत दिली. 'माझ्या पलंगावर पाणी पडते. वरच्या मोरीचा पाइप फुटला आहे. दुरूस्तीला प्लंबर पाठवा. दोन ते चार मी शाळेत असते, तेव्हा येऊ नये.'

तिसऱ्या दिवशी साडेअकराला प्लंबर आला. पाऊण तासात पाइप बदलला, चहा प्यायला आणि गेला. हेडसर बादलीत बघत राहिले. काही पडेना.

संध्याकाळी पलंग जागेवर गेला. काकूंनी त्यावर मांडी ठोकून वही पुढे केली. "बघा बरं, काही चुकलंय का?"

हेडसरांची नजर 'दुरूस्ती'वर जाऊन खिळली. रु दीर्घ. धडधडीत दीर्घ. हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला, टोपण निघालंही. काकूंनी नुसती मान वर करून कोरड्या छताकडे पाहिलं.

"नाही," हेडसर म्हणाले आणि टोपण परत लावलं. "बरोबर आहे."