भाऊजींनी निळी चकती सोडली

मासा दिवाणखान्यात आला तेव्हा शास्त्रज्ञाने बायकोला शब्द दिला, "फक्त आठवडाभर. प्रयोगशाळेतला पंप दुरुस्त झाला की लगेच नेतो."

"तुमचे धाकटे बंधू पण आठवडाभरासाठीच आले होते," बायको म्हणाली आणि त्या दिवसापासून माशाला भाऊजी म्हणू लागली. शास्त्रज्ञाला ते खपत नसे. प्रयोगातल्या माशाला नाव देऊ नये, जीव गुंततो, असं त्याचं मत. पण खरं बघता नातं बरोबर जुळलं होतं. पाहुण्याला वेगळं पाणी, वेगळं खाणं, दुपारी पडदे ओढून झोप, आणि घरकामात काडीची मदत नाही.

तसा मासा कर्तबगार. पाण्यात निळी आणि पिवळी अशा दोन चकत्या सोडल्या की तो निळीला नाक लावी आणि चिमूटभर दाणे कमवी. पिवळीला काही मिळत नसे. माशाला अक्कल असते, तो बघतो, लक्षात ठेवतो, निवड करतो, हे सिद्ध करण्यात शास्त्रज्ञाची ऐन उमेद खर्ची पडली होती. आता साहेब, म्हणजे विभागप्रमुख, स्वतः घरी येऊन मासा बघणार होते. पटलं तर प्रकल्प चालू. नाही पटलं तर टाकी जमा, आणि शास्त्रज्ञाची रवानगी खरेदी विभागात, टेबलं-खुर्च्या मागवायला.

आणि नेमका मासा चकत्यांकडे ढुंकूनही बघेना.

कारण घरातच होतं, पण शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं नव्हतं. भांडणात उत्तर द्यायचं नाही, हा त्याचा संसारातला नियम. बायकोने तोंड सोडलं की त्याचे कान आधी गुलाबी, मग टोमॅटोसारखे लाल होत. तो मुकाट्याने टाकीपाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राही आणि हाताला चाळा म्हणून डब्यातले दाणे पाण्यात सोडत राही. भांडणांना घरात तोटा नव्हता. बसल्या जागी पोट भरत असेल तर चकत्या कोण ढकलणार? अक्कल असलेला प्राणी तर मुळीच नाही.

साहेब आले. चहा झाला. चकत्या पाण्यात गेल्या. मासा कोपऱ्यात शेपटी हलवत राहिला, भरपगारी रजेवर असल्यासारखा.

"निजलाय का हो?" साहेबांनी विचारलं.

"विचार करतोय," शास्त्रज्ञ म्हणाला.

साहेबांनी आणखी एक बिस्कीट संपवलं, तरी विचार संपेना. शास्त्रज्ञाला घाम फुटला. बुडणारा माणूस हाताशी येईल ते धरतो. याच्या हाताशी बायको आली.

"साहेब, प्रयोगशाळेत अगदी चोख करायचा. इथे जरा... घरात शांतता नसते. ही भांडी आपटते."

"मी?" बायको ट्रे घेऊन दारातच उभी होती. "भाऊजी काम करेनात, त्याचं खापर माझ्या माथी?"

"अगं, साहेब बसलेत."

"बसू देत की! त्यांनाही कळू दे. टाकीतलं पाणी कोण बदलतं? उन्हं आली की पडदा कोण ओढतं? कंबर माझी मोडली, आणि म्हणे भांडी आपटते!"

शास्त्रज्ञाचे कान लाल. मासा कोपरा सोडून सपकन त्याच्यासमोर आला आणि काचेला नाक लावून तोंडाची उघडझाप करू लागला.

बायकोची गाडी मात्र आता उताराला लागली होती. "आता साहेब, साहेब! आणि काल काय म्हणत होतात? 'साहेबांना मासा फक्त ताटातच ओळखू येतो!' म्हणालात की नाही?"



साहेबांचे कान मुळातच ऐसपैस. ते हळूहळू तापून लाल होत गेले. इकडे शास्त्रज्ञाचे भीतीने पांढरे पडले. मासा वळला, अख्खी टाकी पार करून साहेबांच्या खुर्चीसमोर गेला आणि जन्माची ओळख असल्यासारखा नाचू लागला. साहेब डावीकडे सरकले, मासाही सरकला. उजवीकडे सरकले, मासा हजर.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "मी माशाला ओळखत नसेन, पण मासा मला ओळखतो!"

शास्त्रज्ञ त्या दोन लाल कानांकडे बघत होता. सगळा उलगडा एकदम झाला: लाल कान दिसले की दाणे! चकतीपेक्षा कितीतरी मोठा शोध होता हा! मासा माणसाच्या कानांचा रंग वाचतो! पण तो जाहीर करायचा, तर साहेबांचे कान का तापले तेही सांगणं आलं.

"शास्त्रज्ञ म्हणून खरं सांगा हं," साहेब म्हणाले. "माणूस पारखला ना त्याने?"

प्रयोगाबाबत कधी खोटं न बोललेल्या माणसाने तोंड उघडलं. बायकोने ट्रेची कड हलकेच त्याच्या बरगडीला टेकवली.

"हो, साहेब," तो म्हणाला. "योग्यता ओळखतो तो."

"मग चालू ठेवा प्रकल्प! त्या चकत्या-बिकत्या सोडा, माणसं ओळखण्यावर काम करा. मी येत जाईन मधूनमधून." जाताना साहेबांनी टाकीकडे बघून हातही हलवला.

दार लागलं. शास्त्रज्ञ वळला, तर मासा पुन्हा त्याच्यासमोर, काचेला नाक लावून.

"आता याला काय झालं? तू तर ओरडतही नाहीयेस."

"आरशात बघा," बायको म्हणाली.

त्याने बघितलं. कान लालबुंद.

तिने दाण्यांचा डबा त्याच्या हातात दिला. "घाला भाऊजींना. घरात खरं बोलणारे आता तेवढेच उरलेत."