सुवासिक गोपद्मं

सुभद्राबाईंच्या गोपद्मांना वास येऊ लागला तो नातवाच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी.

चातुर्मासात रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळीने गाईची तेहतीस पावलं काढायची, हा त्यांचा नेम. लेकीच्या लग्नाच्या धांदलीतही तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी प्रतापनगरातल्या आपल्या अंगणात त्या वाकल्या, गाईच्या खुराच्या दोन फाकी काढल्या आणि थबकल्या. रांगोळी नेहमीसारखी बोटांतून सरसर पडेना. पिठासारखी मऊ लागत होती, आणि तिला गुलाबाचा मंद दरवळ होता. सुभद्राबाईंनी डोळे मिटून हात जोडले. घरात नातू आला, देव पावला, आणि आता तो खूणही पटवतो आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. देवाची गोष्ट चारचौघांत बोलू नये.

पण शेजारच्या रंभाबाई रोज पूजेची फुलं मागायला येत, आणि त्यांचं नाक त्यांच्या जिभेहून थोडंच कमी चालत असे.

"सुभद्राबाई, कशाचा वास येऊन राहिला वं हा?" असं म्हणत त्या तुळशीपाशी ओणव्या झाल्या, आणि उठल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी चौघी-पाचजणी हळदकुंकू घेऊन अंगणात हजर.

आता या रांगोळीची गोष्ट अशी. करवंटीत ठेवली की रांगोळी कलंडते, म्हणून सुभद्राबाई ती पावडरच्या एका जुन्या गुलाबी डब्यात ठेवत. जावई मुकुंदरावांनी बाळासाठी पावडर आणली, तीही नेमकी तसल्याच गुलाबी डब्यात. आणि सुभद्राबाईंचे यजमान मधुकरराव पडले कचेरीतले हेडक्लार्क. जी ती वस्तू जागच्या जागी हवी, हा त्यांचाही नेमच. बारशाला पाहुणे यायच्या आत त्यांनी घरभर फिरून पसारा उचलला आणि फडताळात कोंबला. पाहुणे गेल्यावर त्यांनी एकेक वस्तू काढून पुन्हा जागच्या जागी ठेवली. निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे तरी.

तिसऱ्या दिवशी लेकीनं, चारूनं, बाळाचा लंगोट सोडला आणि आईला हाक मारली. बाळाचं बूड लालबुंद झालं होतं. हात लावला की लेकरू अंग चोरत होतं आणि टाहो फोडत होतं.

"आई, सासूबाई येणार आहेत सोमवारी," चारू रडकुंडीला येऊन म्हणाली.

काटोलच्या विहीणबाई, यमुताई, बारशाला आल्या होत्या तेव्हाच पाळण्यावर वाकून त्यांनी बजावलं होतं, की श्रावणातल्या सोमवारी मी पुन्हा येईन, आणि लेकराले इथं मानवत नसलं तर मायलेकरांले संग घेऊन जाईन. एकुलती एक लेक, तिचं पहिलंवहिलं बाळंतपण. सव्वा महिना तिला न्हाऊमाखू घालायचं, अंगाईला आपला आवाज, लाडवांना आपला हात, एवढंच सुभद्राबाईंचं मागणं होतं. आणि ते आता एवढ्याशा लाल बुडावर येऊन अडकलं.

मग उपाय सुरू झाले. रंभाबाई म्हणाल्या, नजर. मीठमोहऱ्या उतरवल्या, त्या चुलीत तडतडल्या, बूड तसंच. मग ठरलं की उष्णता. चारूचे डिंकाचे लाडू बंद झाले. "लाडू मी खाल्ले, अन् लाल ते झालं?" असं ती पुटपुटली, पण बाळंतिणीचं ऐकतो कोण. मग संशय गेला लंगोटांवर. ते मधुकररावांच्या जुन्या धोतरांचे शिवले होते, आणि हा आरोप त्यांना फार लागला.

"माझ्या धोतरानं मले कधी त्रास नाही देला," ते म्हणाले.

"तुम्ही त्यात काही करत नव्हता न," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. नेण्याआधी बाळाला स्वच्छ पुसून घेतलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना दिसली ती फक्त लाली. ओल्यानं झालं आहे, म्हणाले, कोरडं ठेवा. झालं. त्या दिवसापासून दर लंगोटाला पावडर. श्रावणाची झड लागलेली, लंगोट वाळेनात. मधुकरराव शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवत आणि कचेरीतल्या हजेरीसारखी त्यांची उलटतपासणी घेत. खोलीत ओव्याची आणि वेखंडाची धुरी सदा कोंदलेली. त्या धुरात पावडरला वास आहे की नाही, हे कळायला नाक कोणाचं शाबूत होतं?

सुभद्राबाईंनी आपल्या परीनं देवाला साकडं घातलं. बाळाला आराम पडेपर्यंत गोपद्मं दुप्पट. त्यामुळे इकडे अंगण घमघमू लागलं आणि तिकडे पाळण्यातला टाहो चढत गेला. देव एका हातानं देतो आहे आणि दुसऱ्या हातानं चिमटा काढतो आहे, असं त्यांना वाटू लागलं.

सोमवार उजाडला. सुभद्राबाईंचा उपवास होता. काटोलच्या बसची वेळ झाली तशी त्यांनी दारातून वाकून पाहिलं, आत आल्या आणि आवाज आणखी उतरवून म्हणाल्या, "चारू, आज जरा जास्तीच लाव. लाली दिसाले नको." आणि लगेच "नमः शिवाय" म्हणाल्या, कारण त्यांचं त्यांनाच ते बोलणं उपवासाला शोभलं नव्हतं.

यमुताई आल्या. उंच, धिप्पाड बाई. संत्र्याचा बगीचा स्वतः उभ्यानं राखणारी. अंगावर काळी चंद्रकळा. पाय धुतले आणि पाटावर बसून त्यांनी मांडी पसरली.

"द्या इकडे. अन् लंगोट सोडा त्याचा. मले नातू पाहाचा आहे, गाठोडं नाही."

बाळ मांडीवर आलं. यमुताईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"मैद्यात घोळल्यावानी काहून केलं वं याले?"

तेवढ्यात बाळानं सूर लावला, यमुताईंनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि सगळ्यांची नजर त्यांच्या मांडीवर खिळली. काळ्याभोर चंद्रकळेवर पांढऱ्या शुभ्र दोन फाकी, अगदी जोडीनं उमटल्या होत्या.

रंभाबाई फुलांच्या निमित्तानं दारात उभ्याच होत्या. त्यांनी हात जोडले.

"गोपद्म," त्या म्हणाल्या. "बाप्पा, लेकराच्या बुडातून गोपद्म." आणि कोणी अडवायच्या आत पुढे होऊन त्यांनी विहीणबाईंच्या मांडीवर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि ही वार्ता गल्लीला द्यायला तशाच धावत गेल्या.

यमुताई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा निवळला. बसमध्येही म्हणे कोणी त्यांना प्रतापनगरातल्या सुवासिक गोपद्मांविषयी सांगितलं होतं. "तुमच्या घरी देवाचा वास आहे म्हणतात, ते खोटं नाही दिसत, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "राहू द्या मग लेकराले इथंच."

सुभद्राबाईंना जे हवं होतं ते असं आपल्या पायांनी चालत आलं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं त्यांना जन्मभर सोपं गेलं होतं.

पण त्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी चंद्रकळेवरची चिमूट उचलली आणि बोटांत चोळली. करकर लागली. रोज सकाळी जी बोटांशी बोलते ती करकर त्या ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी बाळाच्या लाल मांड्यांकडे पाहिलं. मग दारातून तुळशीकडे.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "हे गोपद्म नाही. माझी रांगोळी आहे. अन् अंगणात जो वास येऊन राहिला, ती याची पावडर आहे."

यमुताईंनी बाळ चारूकडे दिलं. त्या उठल्या, अंगणात गेल्या, तुळशीपाशी वाकून वास घेतला आणि परत येऊन बसल्या.

"डबे तर मी जागच्या जागी..." मधुकररावांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथंच सोडून ते लंगोट उलटायला शेगडीकडे गेले.

मग यमुताई हसल्या. आधी खांदे, मग पोट, मग पाटसुद्धा हलू लागला. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी फर्मानं सोडली. कोमट पाणी आणा, साबण नको. मऊ फडक्यानं टिपा, घासू नका. खोबरेल तेलाचं बोट लावा. लंगोट ओला झाला की तिथल्या तिथं बदला, आणि जमेल तितका वेळ लंगोटच नको.

"अन् पावडर?" चारूनं विचारलं.

"कलमाच्या बुडाशी पाणी साचलं तर आम्ही वरून भुकटी टाकतो काय? माती मोकळी करतो. वारं लागू देतो."

बाळाला धुऊन, टिपून, तेल लावून उघडंच निजवलं. किती दिवसांनी त्यानं हातपाय ताणले, एक लांब जांभई दिली आणि झोपून गेलं. घरात इतकी शांतता झाली की शेगडीतला निखारा फुटलेला ऐकू आला.

सुभद्राबाईंनी पदर सावरला. "चारूचं सामान भरू काय?"

"काहून?"

"लेकराले मानवलं नाही तर नेईन, म्हटलं होतं तुम्ही."

यमुताईंनी मान हलवली. "देवाचं नाव घेऊन गप्प बसल्या असत्या तर मले काही समजलं नसतं. ज्या बाईनं आयता चमत्कार परत केला, तिच्यापाशी लेकरू ठेवाले मले भीती नाही. सव्वा महिना राहू द्या त्याले."

सुभद्राबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पाणी आणायला वळल्या, तोच मागून यमुताईंचा आवाज आला. त्या आपली पिशवी खुंटीला अडकवत होत्या.

"अन् मलेही एक अंथरूण टाका. तुमच्यावर भरोसा आहे. डब्यांवर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी गोपद्मं काढली, खऱ्या रांगोळीनं, आणि त्यांना वेळ लागला, कारण पावडरीत वाया गेलेल्या सगळ्या दिवसांचीही त्या भरून काढत होत्या. रंभाबाई गल्लीतल्या बायका घेऊन आल्या. वाकल्या. पुन्हा वाकल्या.

"आज वास नाही," त्या घाबरून म्हणाल्या. "सुभद्राबाई, देव रुसला काय?"

ओट्यावर कोवळ्या उन्हात यमुताई पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर उघडंबंब बाळ आपली मूठ चोखत होतं.

"रुसला होता तेव्हाच वास येत होता," त्या म्हणाल्या. "आता हासते."

रंभाबाईंनी बायकांकडे पाहिलं, बायकांनी सुभद्राबाईंकडे. सुभद्राबाई खरं काय ते सांगणारच होत्या. पण अंगणात बऱ्याचजणी जमल्या होत्या, आणि देवाची गोष्ट चारचौघांत बोलू नये. त्यांनी मान खाली घातली आणि पुढचं पाऊल काढलं.