भूगोलाची गोपनीय दाढ

"शनिवारी भरदुपारी कुठे निघालात?" बायकोने विचारलं आणि भूगोलाच्या सरांच्या तोंडून निघून गेलं, "दातांच्या डॉक्टरकडे."

खरं तर ते परीक्षा मंडळात निघाले होते. उभी हयात दुसऱ्यांनी काढलेल्या पेपरांना नावं ठेवण्यात गेल्यावर यंदा कुठे पेपर काढण्याचा मान त्यांच्याकडे चालून आला होता. पण मंडळाच्या अध्यक्षबाईंनी बजावलं होतं, "पेपर कोण काढतंय हे घरीसुद्धा कळता कामा नये. घरी तर मुळीच नाही." गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी फक्त सासूबाईंना सांगितलं होतं. यंदा ते परीक्षेच्या दिवशी घंटा द्यायला उभे राहणार होते.

आपली थाप सरांना आवडलीही. दातांच्या डॉक्टरकडे सोबत यायला कुणी हौसेने निघत नाही. आपल्याखेरीज हे कुणाला सुचलं नसतं, असं मनाशी म्हणत ते जिना उतरले. आपला सख्खा मेहुणाच दातांचा डॉक्टर आहे, हे त्यांना शेवटच्या पायरीवर आठवलं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "घरचा डॉक्टर सोडून परक्यापुढे तोंड उघडलंत? माझ्या भावाला काय वाटेल?"

"उगीच त्याला त्रास कशाला," सर पुटपुटले.

त्या दिवसापासून दर शनिवारी डॉक्टरची चक्कर सुरू झाली आणि सरांच्या ताटात मऊ, पातळ आणि कोमट एवढंच पडू लागलं. सासूबाई फोनवरून रोज नवी गुळणी सुचवू लागल्या. भुकेने कासावीस झालेले सर एकदा स्वयंपाकघरात शेंगदाणे खाताना सापडले.

"दाढ दुखतेय ना?"

"दुसऱ्या बाजूने खातोय."

"बस्स झालं. चला भावाकडे."

मेहुण्याच्या दवाखान्यात सर खुर्चीत आडवे झाले. बायको बाहेरच्या बाकावर बसली. मधलं दार अर्धवट उघडं होतं.

"कुठली, भावजी?"

सरांनी अगदी मागची, अक्कलदाढ दाखवली. मेहुण्याने ती ठोकून पाहिली. सर क्षणभर विसरले आणि मग कण्हले.

"दाढ तर ठणठणीत दिसतेय."

"दिसायलाच. आतून जीव घेते."

"मग काढावीच लागेल. तशी ती काही कामाची नसते म्हणा."

सरांनी अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. खरं सांगून टाकावं तर बाहेर बायको कान देऊन बसलेली, आणि तिच्यापासून सासूबाईंपर्यंत एका फोनचं अंतर. त्यांना घंटेजवळ उभे असलेले इतिहासाचे सर दिसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काढ," ते म्हणाले.

दाढ निघाली. मेहुण्याने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "भावजी, पेपर काढताय का?"

तोंडात कापूस असल्यामुळे सरांना नाही म्हणता आलं नाही.

"अहो, आधी खूण तरी करायची. दर वर्षी या दिवसांत माझ्याकडे धडधाकट दातांच्या मास्तरांची रीघ लागते. गणिताच्या बाई नुसत्या सफाईवर सुटल्या. विज्ञानाचे सर गुळण्या करून गेले. दाढ काढेपर्यंत कुणीच ताणत नाही, म्हणून मला वाटलं तुमची खरंच दुखतेय."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेचं नव्हतं.

तेवढ्यात बायको आत आली. तिने दाढ पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "सुटलात एकदाचे. म्हणजे आता शनिवारच्या चकरा बंद."

सरांनी केविलवाण्या नजरेने मेहुण्याकडे पाहिलं.

"तसं नाही, ताई," मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "जखम भरेपर्यंत दर शनिवारी यावं लागेल."

"किती शनिवार?"

मेहुण्याने सरांकडे पाहिलं. सरांनी तिच्या पाठीमागून तीन बोटं वर केली. मग मंडळाचा कारभार आठवून चौथंही वर केलं.