शुभदाताईंचा गुरुवार

दर गुरुवारी सकाळी शुभदाताई घरातल्या सगळ्या सुऱ्या टॉवेलात गुंडाळून शेजारी आमच्याकडे आणून ठेवतात. सोबत पुण्याहून आणलेली विळीही असते. त्यांच्याकडे साफसफाईला येणारी बेआटा संध्याकाळी घरी गेली, की येऊन सगळं परत नेतात.

"खबरदारी रे मंगेश," त्या म्हणतात. "फ्रेंच लोक उगाच दाखवत नाहीत."

या सगळ्याच्या मुळाशी एक फ्रेंच सिनेमा आहे. त्यात एका श्रीमंत घरात कामाला आलेली अबोल बाई आधी मालकिणीचं अत्तर लावून बघते, मग तिच्या खुर्चीत बसते, आणि शेवटी मालकीण गेली कुठे हे कुणी विचारतही नाही. ताईंनी तो डच सबटायटल्सवर पाहिला. डच त्यांना भाजी आणि डॉक्टरपुरतंच येतं. न कळलेल्या जागा त्यांनी स्वतःच्या भीतीने भरून काढल्या, त्यामुळे मूळ सिनेमा त्यांच्या गोष्टीपुढे फिका पडेल असा माझा अंदाज आहे. आता पाठ झालाय, तरी बघतात.

त्यांचे यजमान बंदराच्या कामामुळे सदा फिरतीवर, मुलगी नेहा ॲमस्टरडॅमला. कापेल या डच गावातल्या त्या घरात ताई एकट्या. बेआटा पोलंडची, पस्तिशीची, लग्न झालेली, मोजकं बोलणारी. तिला घरातला पसारा दिसू नये म्हणून ताई बुधवारीच घर लख्ख घासून ठेवतात. मग बेआटाला काम उरत नाही. ती सावकाश खोल्यांतून फिरते, भिंतीवरचे फोटो निरखते, आणि इकडे ताईंच्या उरात धडकी भरते.

"कपाटातल्या साड्यांवरून हात फिरवत होती," त्या कुजबुजत सांगायच्या.

पुण्यात मोलकरणीचा कप वेगळा ठेवणाऱ्या ताई इथे तिच्यासमोर बसून कॉफी पितात, तेही तिच्यावरची नजर न काढता. एवढी भीती वाटते तर काढून टाका, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मी हसायचो खरा, पण हळूहळू मलाही गुरुवार नकोसा झाला. बेआटा सायकल लावताना दिसली की मी खिडकीतून बाजूला व्हायचो. चांगला शिकलासवरलेला, आयटीतला माणूस मी.

यंदाच्या भाद्रपदात एका गुरुवारी सुऱ्या आल्याच नाहीत. ताई फोन उचलेनात. चालू मीटिंग तशीच सोडून मी धावलो. ताईंच्या खिडकीला पडदा नाही. काही झालं तर गल्लीला दिसावं, म्हणून त्यांनीच तो काढलाय. आत टेबलाशी बेआटा बसली होती. अंगावर ताईंची हिरवी पैठणी, कपाळावर लाल काहीतरी. आणि ताई खाली, तिच्या पायांशी कोसळल्यासारख्या. बेल समोर असून मी दार बडवलं.

दार ताईंनीच उघडलं. हातात हळदीकुंकवाचं तबक.

"हळू रे. सवाष्ण जेवायला बसलीय."

गौरीजेवणाचा दिवस होता. सवाष्ण म्हणून सांगितलेल्या तिघींनाही रजा मिळाली नव्हती. त्यांत माझी बायकोही होती. नेहाला यायला जमणार नव्हतंच. मग ताईंनी बेआटाला साडी नेसवली, तिचे पाय धुतले, पायांवर हळदकुंकू वाहिलं. बेआटा पुरणपोळीचे लहान लहान घास खात होती आणि डाव्या हाताने पदर घट्ट धरून होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी दारातच बसलो.

"म्हणजे आता भीती गेली ना?" मी विचारलं.

 दार थोडं ओढून घेऊन ताई माझ्याजवळ आल्या.

"नेहा म्हणते, आई, साड्या देऊन टाक, मला त्यातलं काहीच नको. हिला सगळं आवडतं, तर ही दिवाळीच्या आत पोलंडला परत चाललीय. कायमची."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते पदराने टिपून त्या तिला तूप वाढायला आत गेल्या.