डोहातला साबण

आपल्या डोहासारखं पाणी अख्ख्या मुळशीत नाही, असं माले गावचे हैबतराव छातीठोकपणे सांगत. लहानपणी ते आणि बाजी धनगर मेंढरांना पाणी दाखवलं की डोहात उड्या मारायचे. डोळे लाल करून घरी गेलं की चोरी पकडली जायची आणि पाठ शेकून निघायची. हैबतरावांना आता त्या माराचीही आठवण गोड लागे.

नात गौतमी पुण्याच्या एका संस्थेत नद्या-तलावांचं पाणी तपासायची. डोहाचं पाणी नापास झालं तर ग्रामपंचायत तिथं ‘पोहण्यास मनाई’ची पाटी लावणार, असं तिनं सांगितलं आणि म्हातारा ताडकन उठला.

"बाटली आण हिकडं. माझ्या डोहाचं पानी मी भरनार."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती भरून दिली. तपासणीत निघाला साबण! हैबतराव पेटले. वरच्या अंगाला बंगला बांधून राहिलेल्या दादासाहेबांचंच हे काम, असं त्यांनी गावभर केलं आणि निम्मं गाव घेऊन फाटकावर गेले. दादासाहेब बिचारे शपथेवर सांगत होते, की आमचे कपडे धुवायला पुण्याला जातात. ऐकतो कोण!

गर्दीतून वाट काढत गौतमी आली. "आबा, बाटलीत अजून काही टाकलं होतं का?"

"काय टाकनार? वाईच तुरटी फिरवली. परीक्षेला चाललेलं पानी, गढूळच धाडू व्हय?"

"कुठली तुरटी?"

हैबतरावांनी गालावरून हात फिरवला. "दाढीची."

गाव हसत पांगलं. हैबतरावांना मात्र माफी मागून दादासाहेबांचा बिनसाखरेचा चहा प्यावा लागला.

दुसरी बाटली गौतमीनं स्वतः भरली. निकाल येईपर्यंत आबा रोज तिला फोन करत राहिले. पाणी पास झालं, पाटी टळली, आणि त्याच दुपारी हैबतराव आणि बाजी, दोघे म्हातारे पंचे खांद्यावर टाकून डोहावर गेले.

बाजीनं पाय बुडवला आणि झटकन वर घेतला. "हैबत्या, लई गार हाय रं."

"व्हय."

मग ते खडकावरच बसले. कोण कुठून उडी मारायचा, कोण बुडता बुडता वाचला, कोण आता राहिलं नाही, असं सगळं बोलून झालं. उठले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते.

घरी सगुणाबाईंनी नवऱ्याचे डोळे पाहिले आणि या वयात पोहायला गेल्याबद्दल शिव्यांची लाखोली वाहिली. हैबतरावांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. पोहलो नाही, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.