अण्णांचा बिनसाखरेचा चहा

ज्या दिवशी आमचे अण्णा बिनसाखरेचा चहा पितात, त्या दिवशी जगाच्या पाठीवर कुठंतरी एका फुटबॉल कोचची नोकरी गेलेली असते.

अण्णांना मधुमेह नाही. घरचा ऊस आहे, कारखान्याचे ते सभासद आहेत आणि एरवी त्यांना कपात तीन चमचे साखर लागते. पण इंग्लंडात नाहीतर स्पेनमध्ये एखाद्या टीमनं हरतोय म्हणून कोचला घरी पाठवलं, की अण्णांच्या घरात त्या दिवशी साखरेचा डबा उघडत नाही. पाहुण्यालाही साखर मिळत नाही आणि पाहुणा बहुतेक वेळा मीच असतो. यंदाच्या मोसमात तिकडं इतके कोच गेले, की ऑफिसच्या तपासणीत माझी साखर चक्क उतरलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, काही नाही, फुटबॉल.

अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आता कराडजवळ कृष्णाकाठच्या आमच्या गावी राहतात. मी सांगलीत एका विमा कचेरीत हेडक्लार्क आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या आयुष्याची चिंता करण्याचा मला पगार मिळतो आणि घरात माझं कुणी ऐकत नाही.

अण्णांचा फुटबॉलचा नाद पलटणीतला. ते पलटणीच्या टीममध्ये राखीव गोलकीपर होते. पहिल्या गोलकीपरची तब्येत दणकट होती, त्यामुळं अण्णा बारा वर्षं बाकावरच बसले, तेही कोचच्या शेजारी. "खेळ मी बघितलाच न्हाई गड्या," ते सांगतात, "मी कोच बघितला. गोल बसला की त्याचा गुडगा कसा हालतो, ते मला ठावं."

म्हणून मॅच बघतानाही त्यांना बॉलशी देणंघेणं नसतं. मोबाइलवर मॅचेस दिसायची सोय त्यांना मीच करून दिली. ही माझी चूक मी लेखी कबूल करायला तयार आहे. पडद्यावर गोल होतो, पब्लिक उसळतं आणि अण्णा वैतागतात. "गोल काय, रोज हुत्यात. त्येचं तोंड दावा की." कोचांची नावं त्यांना येत नाहीत. एक टकल्या आहे, एक मफलरवाला आहे आणि एक बाटली लाथाडणारा आहे. त्यांतला जो हरत असेल तो त्या आठवड्यापुरता अण्णांचा सख्खा भाऊ असतो.

या सगळ्यांच्या बाजूनं त्यांचा एकच पुकारा असतो : "जरा थांबा की."

गावच्या दूध डेअरीत सकाळी यावर रोज खडाजंगी होते. डेअरीचा सेक्रेटरी पोपट हा निकालवादी माणूस. फॅट लागली तर दर, नाहीतर चालू पड, असा त्याचा धंदाच आहे. एकदा तो अण्णांना म्हणाला, "आवं अण्णा, नऊ मॅच हारलाय त्यो. म्हस आटली तर तुमी वरीसभर बांधून घालता व्हय?"

कॅनवाले सगळे हसले. अण्णा शांतपणे म्हणाले, "आरं पोपट, म्हस आटली म्हंजी भाकडच झाली आसं न्हाई. गाभण बी आसंल. आदी हात लावून बघशील का न्हाई, का डायरेक्ट बाजारात?"

पोपट त्या दिवशी एका कॅनवाल्याच्या दुधाची फॅट लिहायलाच विसरला.

पण अण्णांचा खरा सिद्धांत उसाचा. त्यांनी जगातल्या सगळ्या कोचांची उसाच्या लागणीप्रमाणं वाटणी केली आहे. काही कोच सुरू लागणीचे, बारा महिन्यांत तोडीला येणारे. काही आडसाली, त्यांना अठरा महिने लागतात. जुन्या टीमकडं परत आलेला कोच म्हणजे खोडवा, तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. त्याला फार खत घालावं लागत नाही. "आन ही लोकं करत्यात काय," अण्णा तावातावानं सांगतात, "आडसाली लावायचा आन चौथ्या महिन्यात तोडायचा. मग उतारा पडला न्हाई म्हून बोंबलायचं. साखर काय कोयत्यात आसती व्हय?"

मी एकदा वकिली केली. म्हटलं, अण्णा, मान्य. पण कधीतरी कोच बदलावाच लागत असेल ना? सगळेच काही गुणी नसतात. आमच्या ऑफिसात मलाच कुणी कसं बदललं नाही, याचं मला नवल वाटतं.

अण्णांनी आधी हातातला मोबाइल बंद केला. मग म्हणाले, "लागतो की. पर कवा, ते बोर्डाला इचारायचं न्हाई, पब्लिकला बी न्हाई. गोल खाल्ल्यावर टीम कुणाकडं बघती ते बघायचं. बाकाकडं बघत आसली, तर कोच हाय. भुईकडं बघाय लागली, की संपलं."

हे ते बोलले तेव्हा काकी शेजारीच खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आवं."

काकींबद्दल आता सांगायला हवं. सात महिन्यांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. मागं एकच शब्द राहिला, "आवं." चाळीस वर्षं नवऱ्याला ज्या शब्दानं हाक मारली, तेवढाच. आता पाणी हवं असलं की आवं, आमटी अळणी झाली की आवं, पोपटाचा राग आला तरी आवं. सूर तेवढा निराळा असतो आणि अण्णांना प्रत्येक सुराचा अर्थ कळतो. मला फक्त आमटीचा कळतो.

दवाखान्यातून घरी आणल्यावर काकींना पुन्हा चालतं करायची ड्यूटी अण्णांनी स्वतःकडं घेतली. डॉक्टरांकडून व्यायाम शिकून घेतले आणि गळ्यात पलटणीच्या काळातली शिट्टी अडकवली. परसात चुन्याच्या रेघा मारल्या. काकींच्या खुर्चीपासून जांभळीच्या झाडापर्यंत अठरा पावलं. जांभूळ म्हणजे गोल. सकाळी सहा वाजता शिट्टी वाजते, गल्लीतली कुत्री उठतात, दूधवाले घड्याळं लावतात. मग अण्णांचे हुकूम सुटतात, तेही फौजी हिंदीत. "फालिन" म्हटलं, की कवायतीला उभं राहायचं. काकी जन्मात गाव सोडून गेलेल्या नाहीत, त्यांना हिंदी कुठली कळायला. पण त्यातला एक हुकूम त्यांनी पहिल्याच दिवशी उचलला. अण्णांनी "विश्राम" म्हटलं, की त्या डोळे मिटून घोरायला लागतात.

निकाल म्हणाल तर सात महिन्यांत काकी पलंगावरून खुर्चीत आल्या आणि अण्णांच्या खांद्याला धरून दहा आकडे मोजेपर्यंत उभ्या राहायला लागल्या. पाऊल मात्र एकही नाही. चुना पावसानं तीनदा धुऊन गेला आणि अण्णांनी तो तीनदा पुन्हा मारला.

अण्णांची मुलगी सुजाता पुण्याला असते. हुशार, प्रेमळ आणि नेमकी पोपटासारखी निकालवादी. तिनं तिथं एक चांगलं केंद्र शोधलं होतं. यंत्रं, शिकलेली माणसं, सगळं होतं. काकींना दसऱ्यानंतर तिकडं न्यायचं, वर्षभर ठेवायचं, अण्णांनी अधूनमधून भेटायला यायचं. तिचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. तिनं मला फोन केला, "दादा, तू अण्णांना समजाव. तुझं ते ऐकतात." आयुष्यात माझ्याविषयी इतकं खोटं कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी लगेच कबूल झालो.

चार रविवार मी मोटारसायकल घेऊन गेलो. पुण्याचं नाव काढलं, की अण्णा मफलरवाल्याकडं वळायचे. मी यंत्रांचं सांगितलं, त्यांनी खोडव्याचं सांगितलं. मी म्हटलं, सुजाताचंही ऐकायला हवं. ते म्हणाले, "बोर्डाला घाई आसतीच." चौथ्या रविवारी परत येताना मी मागं बसलेल्या बायकोला, मंदाला, म्हटलं, "अण्णांचं डोकं फिरलंय. घरात एवढा प्रश्न आणि हे परदेशातल्या कोचचं सुतक पाळतात."

मंदा म्हणाली, "तो बिनसाखरेचा चहा कधीपासून सुरू झाला, आठवा जरा."

मी आठवलं. काकींना झटका येईपर्यंत कितीही कोच गेले तरी साखर होती.

"तुम्हाला खरंच वाटतं ते फुटबॉलबद्दल बोलतात?" ती म्हणाली. "चला, समोर बघून चालवा."

सांगलीपर्यंत मी फक्त समोर बघितलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सुजाता गाडी घेऊन आली. मलाही बोलावलं होतं, बोर्डाचा सभासद म्हणून. काकींची पिशवी भरलेली होती. पिशवीत लुगड्यांच्या वर अण्णांनी काकींचा कंगवा आणि तेलाची बाटली नीट गुंडाळून ठेवली होती. म्हणजे त्यांनीही मनातून तयारी केली होती.

आम्ही परसात बसलो होतो. सुजातानं आवाज चढवला नाही. तिनं फक्त विचारलं, "अण्णा, सात महिन्यांत एक पाऊल पडलं का? तुम्ही जीव तोडून करताय, पण तुमच्यानं होत नाहीये. आणि वेळ निघून चाललीय आईची."

अण्णा उसाचं काही बोलले नाहीत, म्हशीचंही नाही. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि काकींच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवली.

"टीमला इचार," ते म्हणाले.

बोलून ते बाजूला वळले आणि खाली चुन्याच्या रेघेकडं बघत उभे राहिले. त्यांचा गुडघा हलत होता. सात महिने ते काकींच्या प्रत्येक सुराचा अर्थ सांगत होते, पण हा एक प्रश्न त्यांनी काकींना कधी विचारलाच नव्हता. रोज पहाटे शिट्टी वाजवून उठवणाऱ्या, ओरडणाऱ्या, एक पाऊलही मिळवून न देणाऱ्या माणसाला ठेवायचं का, हे विचारायची त्यांना भीती वाटत असणार.

सुजाता आईपुढं बसली. "आई, येतेस पुण्याला? तिथं बरी होशील."

काकींनी तिच्याकडं बघितलं नाही. त्या अण्णांच्या पाठीकडं बघत होत्या. बघतच राहिल्या. जिच्याकडं बघायचं ती पाठ मात्र वळायला तयार नव्हती. जन्मात पहिल्यांदा मला कुठली गोष्ट वेळेवर कळली. मी म्हटलं, "अण्णा, भुईकडं तुम्हीच बघताय. टीम बाकाकडं बघतीय."

अण्णा वळले.

काकींनी डाव्या हातानं आपला मांडीवर पडलेला उजवा हात उचलला. एखादं तान्हं मूल उचलावं तसा उचलून त्यांनी तो स्टुलावर, शिट्टीच्या मागं, ठेवला. आणि डाव्या हातानं तो उजवा हात पुढं ढकलायला लागल्या. हाताबरोबर शिट्टी सरकत निघाली. वीतभर स्टूल, पण त्याला इतका वेळ लागला, की सुजातानं दोनदा मदतीला हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला. शिट्टी कडेला येऊन खाली पडायच्या बेताला अण्णांनी ओंजळ धरली. बारा वर्षं बाकावर बसलेल्या गोलकीपरनं अडवलेला तो पहिला बॉल असावा.

"आवं," काकी म्हणाल्या.

या सुराचा अर्थ अण्णांनी कुणाला सांगितला नाही.

सुजाता बराच वेळ पदराला नसलेलं काहीतरी झटकत राहिली. मग तिनंच तोडगा काढला. पुणं रद्द. कराडचा एक शिकलेला फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येईल आणि तो सांगेल तसंच करायचं. अण्णांनी अट घातली, की तो आसिस्टंट कोच म्हणून येईल आणि शिट्टी आपल्याकडंच राहील. सुजातानं मान्य केलं, पण सकाळी सहाच्या जागी सात, अशी तिनंही अट घातली. गल्लीतल्या कुत्र्यांचं यात भलं झालं.

चहा अण्णांनीच केला. तो मी तोंडाला लावला आणि दचकलो. कपात पाच चमचे तरी साखर असावी, तळाशी चक्क थर होता. सुजातानं तोंड वाकडं केलं, पण कप संपवला. मी दुसरा कप मागून घेतला. माझी तपासणी आता कधी आहे, ते मला ठाऊक आहे.

अण्णांनी आपला कप दोन घोटांत संपवला, मिशी पुसली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि फुंकली. "चलो, फालिन," ते म्हणाले.

काकींच्या कपात अजून निम्मा चहा होता. त्यांनी तो डाव्या हातानं छातीशी धरला आणि म्हणाल्या, "आवं."

हा सूर मात्र मलासुद्धा कळला. जरा थांबा की.

अण्णा थांबले.